नाव नोंदले, पुढे काय? : मुक्त शिक्षणातील गळतीचा प्रश्न

(बदनापूर येथे कार्यकर्ते व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



१ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. देशातील ते पाचवे मुक्त विद्यापीठ होय. त्यापूर्वी १९८२ साली हैदराबाद येथे आंध्र प्रदेशाचे, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८७ साली राजस्थानात कोटा व बिहारमध्ये नालंदा अशी विद्यापीठे सुरू झाली होती. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. ज्याला महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही, त्याच्या घरी महाविद्यालयाने जावे, आणि तेही मराठीतून बोलत जावे, ही त्यामागची कल्पना. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचे ब्रीद मराठी माणसाला आता पाठ झाले आहे.

या कल्पनेचे मोल मराठवाड्याला अधिक कळते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तेव्हा या प्रदेशात उच्च शिक्षणाची सोय नाममात्र होती आणि ओळखीच्या भाषेत तर नव्हतीच. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. म्हणजे आज बदनापूर परिसरात जे आजोबा-आजी ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्या बालपणी स्वतःच्या प्रदेशात विद्यापीठच नव्हते. त्यांच्या नातसुनेला घरबसल्या पदवीची पुस्तके मिळतात, ही गोष्ट लहान नाही. तेव्हा पुढे जे सांगायचे आहे ते या व्यवस्थेला नावे ठेवण्यासाठी नव्हे.

प्रश्न वेगळा आहे. नाव नोंदवलेल्यांपैकी पदवीपर्यंत किती जण पोहोचतात?

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ या वर्षात देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. त्यांतील सुमारे ४५ लाख ७३ हजार विद्यार्थी दूरशिक्षणाचे होते आणि त्यांत मुली व स्त्रिया जवळजवळ २१ लाख. दर दहा विद्यार्थ्यांमागे एकाहून थोडे अधिक असे हे प्रमाण आहे. हा नोंदणीचा आकडा वर्तमानपत्रांत ठळक छापला जातो. मध्येच थांबलेल्यांचा आकडा इतक्या ठळकपणे कोणी छापत नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात अनेक वर्षे काम केलेले ऑर्मंड सिम्पसन यांनी २०१३ साली हा विषय स्पष्ट शब्दांत मांडला. पूर्णवेळ शिक्षण देणाऱ्या संस्थांत शंभरातील ऐंशीच्या आसपास विद्यार्थी पदवीपर्यंत जातात, तर जगातील अनेक दूरशिक्षण संस्थांत हे प्रमाण विसाहूनही कमी दिसते, काही ठिकाणी दहाहूनही कमी, असे त्यांनी दाखवले. या तफावतीला त्यांनी दूरशिक्षणातील ‘तूट’ म्हटले. ज्या देशात या पद्धतीचा सर्वाधिक गाजावाजा झाला, तेथील माणसाने हे लिहावे, याला महत्त्व आहे.

दूरशिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे एकलव्याचे नाव हमखास घेतले जाते. २००३ साली तंत्रशिक्षणासाठी जी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली, तिलाही एकलव्याचेच नाव देण्यात आले. गुरूविना, केवळ मूर्तीसमोर बसून विद्या संपादणारा तो पहिला दूरशिक्षणाचा विद्यार्थी, असे कौतुकाने सांगतात. कौतुक योग्यच आहे. पण व्यवस्था एकलव्याला समोर ठेवून उभारायची नसते. तो असामान्य होता म्हणूनच महाभारताने त्याची नोंद घेतली. त्याला प्रवेशच नाकारला गेला होता. आज प्रवेश कोणाला नाकारला जात नाही, म्हणून प्रश्न सुटला असे आपण धरून चालतो. अरण्यात एकट्याने अभ्यास करणे मात्र तसेच राहिले आहे. फक्त अरण्याच्या जागी चार खणांचे घर, शेत आणि लहान मूल आले.

शाळेतील गळती डोळ्यांना दिसते. बाकावरची जागा रिकामी राहते, हजेरीत सलग गैरहजेरी लागते, गुरुजी शेजारच्या मुलाला विचारतात, कधी स्वतः घरी जातात. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याची जागा रिकामी होतच नाही, कारण त्याला जागाच नसते. तो ‘शिक्षण सोडतो’ असे कधी घरात म्हणत नाही, अर्ज देत नाही, दाखला मागत नाही. पुस्तकांचा गठ्ठा कपाटावर जातो. त्यावर आधी एक पिशवी येते, मग दुसरी. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत तो खाली येतो, तेव्हा त्या घरात हळहळ करायलाही कोणाला सवड नसते.

ही गळती एका दिवसात होत नाही आणि सगळ्यांची एका ठिकाणी होत नाही. काही जण प्रवेश घेतात आणि पुस्तक उघडतच नाहीत; त्यांची संख्या समजतो त्याहून मोठी असते. काही पुस्तके उघडतात, पहिल्या दोन प्रकरणांनंतर अडतात आणि विचारायला कोणी नसते. काही स्वाध्याय लिहितात, पण परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख निघून गेल्यावर त्यांना ती कळते. काही परीक्षेच्या दिवशी पोहोचत नाहीत. आणि काहींचा एक विषय राहतो. या शेवटच्या मंडळींविषयी पुढे स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण त्यांची गोष्ट सर्वांत अधिक चुटपुट लावणारी आहे.

आधी आपल्या तालुक्याचे वर्ष कसे जाते ते पाहू. प्रवेश पावसाळ्याच्या तोंडावर होतात. ते दिवस पेरणीचे, उसनवारीचे आणि आभाळाकडे पाहण्याचे. फी भरली जाते, कारण रक्कम त्या मानाने मोठी नसते आणि घरातील कोणी तरी ‘नाव तर टाकून ठेव’ म्हणतो. पुस्तके हाती पडेपर्यंत खुरपणी आलेली असते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढणीला येते आणि कापूस फुटतो. कापसाची वेचणी एकदा करून भागत नाही. ती दोन-तीनदा करावी लागते आणि बहुतेक बायकांच्याच हातांनी होते. येथील संशोधन केंद्राने तुरीचे वाण दिले, त्या वाणांमुळे बदनापूरचे नाव देशभर शेतकऱ्यांच्या तोंडी गेले. त्या तुरीची कापणी पौषाच्या आगेमागे येते. मग हरभरा, गहू. ज्या कुटुंबांच्या नशिबी ऊसतोड आहे, ती दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड उचलतात ती उन्हाळा लागताना परततात.

आता अभ्यासकेंद्राचे वर्ष याच्याशेजारी ठेवावे. संपर्कसत्रे रविवारी आणि सुटीच्या दिवशी होतात, ती नेमकी याच महिन्यांत. नोकरदाराला रविवार मोकळा असतो, म्हणून ही योजना केली गेली आणि ती चुकीची नाही. पण वेचणीला रविवार नसतो. पदवीची वार्षिक परीक्षा वर्षानुवर्षे उन्हाळ्यात होत आली. हे दिवस लग्नसराईचे आणि मराठवाड्यात पाण्याच्या टंचाईचे. सत्रपद्धतीत परीक्षा वर्षातून दोनदा येते, म्हणजे अडखळण्याच्या जागाही दोन होतात. टंचाईच्या वर्षी, २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्याने जी पाहिली तशा वर्षी, घरातील ज्या बाईला दोन हंडे पाण्यासाठी तासन्‌तास घालवावे लागतात, तिने त्याच महिन्यात इतिहासाच्या सनावळ्या पाठ कराव्यात ही अपेक्षा करणाऱ्याने एक दिवस तिच्याबरोबर त्या रांगेत उभे राहावे.

स्त्रियांचा विचार थोडा अधिक करावा लागेल. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यातील स्त्री-साक्षरता सुमारे ६१ टक्के होती. राज्याची जवळजवळ ७६. अठरा वर्षांच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा या जिल्ह्यात बरेच अधिक आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. अशा जिल्ह्यात बारावीनंतर लग्न झालेल्या मुलीला शिकण्याची वाट उरते ती बहुधा मुक्त शिक्षणाचीच.

समजा, बदनापूर तालुक्यातील एखाद्या गावी अशी एक सून आली. माहेरी असताना तिने प्रथम वर्षाला नाव घातले होते. सासर बदलले तसे अभ्यासकेंद्र लांब पडले. केंद्र बदलून घेण्याची सोय असते, पण ती कोणी सांगितली नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. परीक्षेचा अर्ज त्यावर अडला. शपथपत्र करायचे तर तालुक्याला जावे लागते, तेही दोनदा, आणि दरवेळी सोबत कोणी तरी हवे. सासूबाई वाईट नाहीत. त्या म्हणतात, “शीक गं बाई, मी कुठं नको म्हणते? पण यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.” यंदा बाळंतपण, पुढच्या वर्षी नणंदेचे लग्न, त्यानंतर दुष्काळ. या घरात शिक्षणाला विरोध कोणीही केलेला नाही. आणि तरी ते थांबले आहे.

डेव्हिड केंबर या अभ्यासकाने १९८९ साली, म्हणजे नाशिकचे विद्यापीठ सुरू झाले त्याच वर्षी, दूरशिक्षणातील गळतीची जी मांडणी केली ती या सुनेच्या घराला चपखल लागू पडते. त्याआधी १९७५ साली अमेरिकेत व्हिन्सेंट टिन्टो यांनी म्हटले होते की विद्यार्थी महाविद्यालयाच्या अभ्यासजीवनात व समाजजीवनात मिसळला तर टिकतो. केंबर यांनी दाखवले की दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचे समाजजीवन महाविद्यालयात नसून घरात व कामाच्या जागी असते. घराने आणि कामाने त्याच्या अभ्यासाला जागा करून दिली तर तो टिकतो, आणि हा निर्णय तो एकदा घेत नाही. थोड्याथोड्या दिवसांनी मनात हिशेब मांडत राहतो की यासाठी जे मोजतो आहे ते वसूल होणार का. हा हिशेब करताना त्याच्याजवळ कोण बसलेले असते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

ज्याला पदवी कशासाठी हवी हे नेमके ठाऊक असते, त्याचा हिशेब सोपा असतो. पोलीस भरतीतून वर चढू पाहणारा शिपाई, स्पर्धा परीक्षेच्या पात्रतेसाठी पदवी हवी असलेला तरुण, पर्यवेक्षिकेच्या पदावर डोळा असलेली अंगणवाडी सेविका ही मंडळी रडतखडत का होईना, पुढे जातात. ‘रिकामे बसण्यापेक्षा बरे’ म्हणून नाव घातलेला विद्यार्थी पहिल्या वाऱ्यानेच गळतो. त्याला दोष देण्याआधी एवढे विचारावे की प्रवेशाच्या दिवशी त्याला कोणी दहा मिनिटे समोर बसवून ‘हे तू कशासाठी करतोस’ असे विचारले होते काय? बहुतेक ठिकाणी अर्ज भरून घेण्याचीच घाई असते. प्रवेशांची संख्या हेच केंद्राचे यश मानले गेले की दुसरे काय होणार?

ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ पासून तेथे शिकवणे सुरू झाले. दूरचित्रवाणीवरून शिकवणारे विद्यापीठ म्हणून त्याची जगभर चर्चा झाली. पण तेथील आरंभीच्या विद्यार्थ्यांना जे खरे सांभाळून धरत होते ते वेगळेच होते : प्रत्येक विद्यार्थ्याला नेमून दिलेला एक शिक्षक-समुपदेशक, जो त्याला नावाने ओळखत असे. पुढे ती पद्धत मोडीत निघाली. त्याच विद्यापीठात नंतर झालेल्या प्रयोगात, अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी ज्यांना एक दूरध्वनी केला गेला त्यांचे टिकण्याचे प्रमाण न केलेल्यांहून काही टक्क्यांनी अधिक निघाले. एक दूरध्वनी! विद्यार्थी मदत मागेल तेव्हा देऊ, असे म्हणून चालत नाही. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज असते तो मागायला येतच नाही, हे सिम्पसन यांचे म्हणणे आहे.

नाशिकच्या विद्यापीठाने शिक्षकासाठी ‘समंत्रक’ हा सुंदर शब्द रूढ केला. जो बरोबर बसून सल्लामसलत करतो तो समंत्रक. शब्द घडवणाऱ्यांना गरज नेमकी कळली होती. परंतु एका समंत्रकासमोर संपर्कसत्राला पाचच विद्यार्थी येतात आणि यादीत नावे शंभर असतात, तेव्हा उरलेल्या पंच्याण्णवांकडे कोण जाणार? तो बिचारा दुसऱ्या महाविद्यालयातील प्राध्यापक; रविवारचा वेळ काढून आलेला. त्याने गावोगाव फिरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आता त्या एका विषयाची गोष्ट. प्रत्येक गावात अशी माणसे आहेत. दोन वर्षे उत्तीर्ण, तिसऱ्या वर्षाचेही सारे विषय सुटलेले, आणि एक राहिलेला. पुष्कळदा तो इंग्रजीचा असतो. विचारले की हसून सांगतात, “एकच राहिलाय, देऊन टाकू.” हे उत्तर पाच वर्षे तेच असते. नोंदणीची मुदत संपत येते, अभ्यासक्रम बदलतो, जुनी पुस्तके निरुपयोगी होतात, आणि तीन वर्षांच्या कष्टांतून हातात काहीच उरत नाही. शेजारपाजारी त्यांना बी.ए. नापास म्हणतात, जो शब्द त्यांनी केलेल्या अभ्यासाचा अपमान आहे. शंभर नवे प्रवेश मिळवण्यापेक्षा अशा दहा जणांना शेवटचा विषय सोडवून देणे समाजाच्या अधिक हिताचे आहे. त्यांना लागते तरी काय? आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी घेणारा एखादा निवृत्त शिक्षक, जुन्या प्रश्नपत्रिका आणि अर्जाच्या तारखेची आठवण. बदनापुरात निवृत्त शिक्षकांची वाण नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या बाबतीत एक दार उघडले आहे. २०२१ पासून श्रेयांक पेढी अस्तित्वात आली. मिळवलेले श्रेयांक तेथे जमा राहतात आणि मध्ये थांबलेला विद्यार्थी पुढे ते वापरू शकतो. एक वर्ष झाल्यावर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही मुभा धोरणात आहे. कष्ट वाया जाऊ नयेत हा त्यातला हेतू स्वागतार्ह आहे. धोका एवढाच की बाहेर पडण्याला प्रतिष्ठित नाव मिळाले की त्याची रुखरुख संपते. प्रमाणपत्र घेऊन घरी बसलेली मुलगी कागदोपत्री ‘यशस्वी’ ठरेल, आणि ती परत का आली नाही हे विचारण्याचे कारणच उरणार नाही.

सुशिक्षित मध्यमवर्गाला या ठिकाणी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ‘मुक्तची पदवी’ हे शब्द आपल्या घरांत कोणत्या सुरात उच्चारले जातात? स्थळाच्या माहितीत मुलीचे शिक्षण वाचताना ‘बाहेरून केलंय’ असे हलक्या आवाजात का सांगितले जाते? दिवसभर राबून रात्री अकराला पुस्तक उघडणारी बाई आणि वडिलांच्या पैशावर वसतिगृहात राहून तीच परीक्षा देणारा मुलगा यांत कौतुक कोणाचे व्हायला हवे? काही केंद्रांवर नकलांचे प्रकार झाले असतील, तर ते रोखले पाहिजेत. पण ते नियमित महाविद्यालयांतही होतात. या उपहासाने प्रामाणिक विद्यार्थ्याचा हिशेब बिघडतो. जिची किंमतच नाही त्या पदवीसाठी झोप का मोडावी, असे त्याला वाटू लागते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण येथे आठवते. १८७५ साली कोकणातील मुरूडहून ते परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले, भर पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून. तेथे पोहोचल्यावर वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरहून त्यांनी ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, बी.ए. १८८४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु साताऱ्याच्या वाटेवर ते एकटे नव्हते, सोबती बरोबर होते. आणि गावी सोमण गुरुजींसारखे शिक्षक होते, ज्यांनी त्यांच्या मनाची घडण केली. कथेतील हा भाग सांगताना गाळला जातो.

तेव्हा काम कोणते? येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना घरोघरी संपर्क नवा नाही. उत्सवाला, निधीला, निवडणुकीला गावातील प्रत्येक दार त्यांना ठाऊक असते. त्याच वहीत आणखी एक रकाना आखता येईल : या घरात मुक्त शिक्षणाला नाव घातलेले कोण आहे? गावागावांत अशी पाच-सात नावे सहज निघतील. त्यांच्याकडे वर्षातून तीनदा जावे. पहिल्यांदा पुस्तके मिळाल्यावर पंधरा दिवसांत, गठ्ठ्याची दोरी सुटली की नाही हे पाहायला. दुसऱ्यांदा परीक्षेचा अर्ज भरण्याच्या आधी. तेव्हा नावाचा घोळ, फी, छायाचित्र, जे काही अडले असेल ते तालुक्याला नेऊन सोडवायचे. तिसऱ्यांदा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. या खेपेला प्रश्न विद्यार्थिनीला विचारायचा नाही, घरातल्यांना विचारायचा : पेपरच्या दिवसांत मूल कोण सांभाळणार, आणि केंद्रावर सोबत कोण जाणार?

गृहिणी बायकांसाठी ही चौकशी भगिनींनी केलेली बरी. परक्या पुरुषाने दारात उभे राहून सुनेच्या अभ्यासाची विचारपूस केली तर काही घरांत तिचा अभ्यास त्याच दिवशी बंद होईल. सासूबाईंना पहिल्या भेटीतच विश्वासात घ्यावे. त्यांना ‘तुम्ही आडकाठी करता’ असे नव्हे, तर ‘तुमची सून तालुक्याला पदवी घ्यायला जाईल तेव्हा तुम्हीही बरोबर या’ असे सांगावे. यादी पहिल्या वर्षी दहा नावांचीच ठेवावी, आणि ती एक विषय राहिलेल्यांपासून सुरू करावी. अशी दोन-तीन माणसे आज या मांडवातही असतील. त्यांनी संकोच न करता जाता जाता नाव व राहिलेला विषय लिहून द्यावा; दाराजवळ वही ठेवली आहे.